रविवारी मोजलेला रस्ता

आमच्या घरात माणसाची तब्येत चेहऱ्यावरून बघत नसत, पायांवरून बघत. संध्याकाळी मिठागरावरून आलं की बाबा ओट्यावर बसून आधी पाय पुढे करायचे. आई तांब्याभर गोडं पाणी त्यांच्या पायांवर ओतायची, मग स्वतः बसायची. दिवसभर खाऱ्या पाण्यात उभा राहिलेला पाय वरून पांढरा पडतो आणि खालून लाल होतो. बोटांच्या बेचक्यांत चिरा जातात, चिरांत मीठ जातं, आणि मग रात्रभर माणूस पाय कुठे ठेवू आणि कुठे नको असं करतो. खोबरेल लावून चिंधी बांधायची, सकाळी चिंधी सोडायची आणि परत त्याच पाण्यात उतरायचं. माघापासून वैशाखापर्यंत हे असंच. पावसाळ्यात मिठागर बंद, तेव्हा पाय भरून यायचे, पण तोवर डब्यातले तांदूळ तळाला गेलेले असायचे. एका वेळी दोन्ही गोष्टी धड असलेल्या मला आठवत नाहीत.

यात काही वावगं आहे असं मला कॉलेजात जाईपर्यंत वाटलंसुद्धा नव्हतं. स्नेहसंमेलनाला मैत्रिणींच्या आया आल्या होत्या. मी सगळ्यांच्या पायांकडे बघत बसले. गुळगुळीत टाचा, बारीक पट्ट्यांच्या चपला. आई आली नव्हती. मी तिला बोलावलंच नव्हतं, आणि ते तिला माहीत होतं.

आता मिठागरं गेली. खाडीच्या कडेनं भराव पडला, त्यावर रस्ता झाला, रस्त्याला दिवे लागले. पण फाल्गुन लागला की दुपारी खाडीकडून तोच वारा येतो. कोरडा, ओठ ताणणारा. ऑफिसला सुट्टी असली आणि मी घरात असले की त्या वाऱ्यानं दाराची कडी वाजते आणि माझा दिवस बिघडतो. लोक म्हणतात उन्हाळा सुरू झाला. माझ्यासाठी तो हंगाम सुरू होतो. त्या एका वर्षाचा हंगाम, नऊ वर्षांपूर्वीचा, जो माझ्यापुरता अजून संपलेला नाही.

या वर्षी तर वाऱ्याच्या आधीच कोणीतरी आठवण करून दिली. विचुंब्याला नव्या इमारतींत राहायला आलेली अनघा म्हणून एक मुलगी आहे, स्टँडवर सकाळी माझ्या शेजारी उभी असते. नवीन लग्न झालेली, पनवेलातच एका दवाखान्यात हिशेबनीस. परवा म्हणाली, "मॅडम, एक विचारू? ठाण्याला नोकरी मिळतेय. इथल्यापेक्षा खूपच चांगली. पण जाणं-येणं आलं. सासूबाईंना बरं नसतं. घेऊ का?"

"जाऊन बघितलंस का?"

"हो तर. गेल्या रविवारी आम्ही दोघं स्कूटरवर गेलो. तासात पोचलो. काहीच नाही वाटलं."

माझी गाडी लागली म्हणून बरं झालं. उद्या सांगते म्हटलं आणि चढले. पुढचे अडीच तास मी खिडकीबाहेर बघत होते. काय सांगायचं होतं ते एका वाक्यात बसत नव्हतं.

मी तेव्हा पनवेलातल्या एका शाळेच्या ऑफिसात होते. घरापासून पायी पंचवीस मिनिटं. पोस्ट हंगामी. दर जूनला नेमणुकीचं पत्र आणि एप्रिलच्या मध्यावर सुट्टी. सुट्टी म्हणजे पगाराशिवायची. चार वर्षं मी असं एप्रिलात घरी बसायची आणि जूनमध्ये परत उभी राहायची. माझ्या बी.ए.च्या सर्टिफिकेटला बाबांनी फ्रेम करून आणली होती. मिठागराच्या मुकादमाला घरी बोलावून ती दाखवली होती. चार वर्षांनी त्या फ्रेमखाली बसून मी उन्हाळाभर बोंबील निवडायची. मला राग यायचा. कोणाचा ते सांगता आलं नसतं.

पण खरं सांगायचं तर ती सक्तीची सुट्टी घराला सोयीची होती. चैत्र-वैशाख म्हणजे मिठागराचा ऐन जोर. सकाळी वाफ्यांत पाणी गुलाबी दिसायचं, दुपारी त्यावर दुधावर साय धरावी तशी मिठाची साय धरायची आणि संध्याकाळपर्यंत खाली खडे बसायचे. पुरुष फळीनं ते ओढून कडेला आणायचे. बायका पाट्या भरून डोक्यावरून बांधावरच्या राशीत नेऊन टाकायच्या. भरलेल्या पाटीतून खारं पाणी गळायचं, ते मानेवरून पाठीत आणि पाठीवरून पायात. आईचं लुगडं वाळलं की पापडासारखं कडक व्हायचं, दोरीवरून काढताना त्याचा आवाज यायचा. ती अशी दिवसभर तिथे, आणि घरी मी. नाक्यावरच्या नळाला संध्याकाळी साडेसहाला पाणी यायचं आणि साडेसातला जायचं. तेवढ्या तासात दोन वेळा फेरी केली तर दुसऱ्या दिवसाची सोय. नळावर बाप्या माणसानं हंडा लावायची आमच्याकडे रीत नव्हती, आणि असती तरी बाबांची वेळ कुणाच्या हातात नव्हती. माझ्या आधीची दोन भावंडं गेलेली. म्हणजे घरात तिघंच.

बाबांची वेळ समुद्र ठरवायचा. मिठागराच्या बांधात एक लाकडी झडप असते, तिला आम्ही उघाडी म्हणतो. भरतीला ती उघडून खाडीचं पाणी आत घ्यायचं, ओहोटीच्या आत बंद करायची. ते काम बाबांचं, आणि बांधाची राखणही त्यांचीच. घड्याळ त्यांच्याकडे नव्हतं. तिथी विचारायचे आणि बोटांवर तिची पाऊणपट करायचे. चतुर्थी, म्हणजे तीनला भरती. पंचमी, म्हणजे पावणेचार. अष्टमीला सहा. मी कॉलेजात शिकलेलं कितीतरी गणित विसरले, हे विसरले नाही. रोज पाऊण तासानं पुढे सरकणाऱ्या वेळेवर त्या माणसानं चाळीस वर्षं काढली आणि ते एकदाही उशिरा पोचले नाहीत. माझ्या ऑफिसची वेळ रोज एकच. तीही मला कधी नीट गाठता आली नाही.

त्या वर्षी हंगामाआधी, पौषात वाफे तुडवतानाच आईच्या उजव्या पायाला जखम झाली. दरवर्षी व्हायची तशीच, पण ही मिटेना. डॉक्टरांनी रक्त तपासलं, साखर निघाली. डॉक्टर भला माणूस. त्यानं तिला ओरडून सांगितलं, "बाई, हा पाय पुन्हा मिठाच्या पाण्यात घालायचा नाही. रोज गोड्या पाण्यानं धुवायचा, कोरडा करायचा, मलम लावून पट्टी बांधायची. दुसऱ्या कोणीतरी बांधायची, तुला वाकून दिसत नाही."

बाहेर आल्यावर आई म्हणाली, "साखर कशी आसंल? जनम मिठात गेला."

मी हसले नाही. तीही हसली नाही. तिला खरंच प्रश्न पडला होता.

आणि माघात ते पत्र आलं. दीड वर्षापूर्वी मी एक परीक्षा दिली होती, विसरूनही गेले होते. मुंबईला फोर्टात एका विमा कंपनीच्या ऑफिसात नेमणूक. पहिले सहा महिने उमेदवारीचे, त्यात रजा नाही. त्यानंतर कायम. कायम झाल्यावर आई-वडिलांचं औषधपाणी ऑफिसकडून. पगार शाळेच्या दुपटीच्या वर आणि बाराही महिने. पत्र मी तीन वेळा वाचून दाखवलं. बाबांनी ते हातात घेऊन उलट-सुलट बघितलं.

"हापिस लांब हाय ना?" आई म्हणाली.

"लांब आहे. पण तू मिठागर सोडू शकशील."

"आनि तू भायेर ऱ्हायलीस तर पानी कोन भरंल? माझा पाय कोन बांधंल?"

हाच सगळा गुंता होता. नोकरी घेतली तर आईला मीठ सोडता येणार होतं. पण नोकरीला दिवस जाणार, म्हणजे घर तिच्याच पायावर पडणार. नोकरी सोडली तर मी संध्याकाळी घरात, पण ती खाऱ्या पाण्यात. आठवडाभर आम्ही तिघं हेच उलटं-सुलटं करत होतो. माझं मन कुठे होतं ते मी लपवत नाही. मला जायचं होतं. आईसाठी जायचं होतं हे खरं आहे, आणि त्या फ्रेमसाठी जायचं होतं हेही खरं आहे.

शाळेत हेडक्लार्क बर्वेबाई होत्या. त्यांना सांगितलं तर त्यांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. "मंदा, इथे खुर्ची तुझी नाही, पण पंखा तरी तुझ्या डोक्यावर आहे. तिथे खुर्ची मिळेल. पंखा कोणाच्या डोक्यावर असेल ते बघून ये आधी."

"खुर्ची मिळाली तरी पुष्कळ झालं, बाई."

"एसटीत म्हातारी होशील गं."

"इथे एप्रिलात एकदा आणि जूनमध्ये एकदा होतेच आहे."

त्यांनी चष्मा घातला आणि फाईल ओढली. नंतर म्हणाल्या, "आईला विचार, आणि नीट विचार." मी विचारलं होतं असं मला वाटत होतं.

शेवटी आईनंच तोडगा काढला. "सातच्या आत घरात आलीस तर जमंल. नळ साडेसातला जातो. तू पानी भरशील, पाय बांधशील. होळी झाली का मी पाटी कायमची खाली ठेवीन." ऑफिस सव्वापाचला सुटणार होतं. म्हणजे रस्ता पावणेदोन तासांत व्हायला हवा होता. एवढ्यावर सगळं येऊन थांबलं. पावणेदोन तास.

मी म्हटलं, मोजून येते.

शाळेला रजा मागायची म्हणजे कारण सांगायला लागलं असतं. म्हणून मी रविवारी गेले. सकाळी आठची गाडी, खिडकीजवळची जागा. कळंबोलीला ट्रक उभे होते पण कडेला, झोपलेले. बेलापूरपर्यंत डोंगरावरची वाळलेली गवतं पिवळी दिसत होती. खाडीच्या पुलावर गाडी एकदाही थांबली नाही, वारा नुसता आत येत होता. खाली पाणी, दूर मिठाच्या राशी. मानखुर्द, चेंबूर, शीव, दादर. दादरला शहरातली बस लगेच मिळाली. फोर्टात ऑफिसच्या बंद दारासमोर उभी राहिले तेव्हा पावणेदहा वाजले होते. बरोबर पावणेदोन तास. त्या रिकाम्या रस्त्यावर मला इतका आनंद झाला की मी पायऱ्यांवर बसून घेतलं. कबुतरं होती. एक पहारेकरी म्हणाला, "आज बंद आहे, ताई." मी म्हटलं, "माहीत आहे."

घरी आले तेव्हा बाबा अंगणात टोपली विणत होते.

"किती लागलं?"

"पावणेदोन तास. दादरची बस धरून."

"कंच्या दिशी गेल्तीस?"

"आजच की, बाबा. आज रविवार."

"आनि हापिस कंच्या दिशी आसतं?"

मला ते टोचलं. मी म्हटलं, "एसटीचं टाइमटेबल छापलेलं असतं, बाबा. वार बदलला म्हणून रस्ता लांब होत नाही."

त्यांनी टोपलीची कडा वळवली. "तुला कळतं. तू शिकलेली हायस," म्हणाले आणि पुढची काडी घेतली.

माझ्या आयुष्यात मला कोणी इतकं मोठं केलं नाही, आणि कोणी इतकं एकटंही सोडलं नाही.

त्या वाक्यावर घर ठरलं. मी शाळा सोडली.

पहिल्या सोमवारी मी सकाळी साडेसहाला निघाले, सुरक्षित म्हणून. स्टँडवर रांग होती ती फलाटाच्या बाहेर गेली होती. दुसऱ्या गाडीत उभं राहायला मिळालं. कळंबोलीला ते झोपलेले ट्रक जागे झाले होते, सगळे एकदम. गाडी पुलाच्या अलीकडे चाळीस मिनिटं उभी होती. बायका पदर तोंडावर घेऊन झोपल्या, पुरुषांनी वर्तमानपत्रं चौकोनी घड्या घालून काढली. मी सारखी मनगट वळवत होते. शेजारी उभे असलेले एक रोजचे गृहस्थ म्हणाले, "पहिला दिवस का, ताई?"

"कसं ओळखलंत?"

"घड्याळ बघताय म्हणून."

ऑफिसात पोचले तेव्हा दहाला पाच कमी होते. त्या दिवशी ते माझं भाग्य वाटलं. परतीला ते भाग्यही नव्हतं. घराच्या वळणावर आले तेव्हा सव्वाआठ झाले होते. नळ कोरडा. पण ओट्यावर दोन हंडे भरलेले, त्यावर ताटल्या झाकलेल्या. आई चुलीपाशी बसली होती, पाय धोतराच्या फडक्यात गुंडाळलेला.

"तू गेलीस नळावर?"

"नाय. हंडे चालत आले."

"मी बांधते पाय."

"बांधला. जेव आदी."

मला तेव्हाच फडकं सोडून बघायला हवं होतं. मी जेवले.

उद्या लवकर होईल, परवा लवकर होईल. एक आठवडा मी असंच म्हटलं. दुसऱ्या आठवड्यात म्हणायचं सोडलं. होळी आली, गावात शिमग्याची बोंब झाली, आई होळीला नारळ टाकून आली, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी तिनं पाटी डोक्यावर घेतली. मी दारात एक चप्पल घालून उभी होते, पहाटेचा अंधार होता. म्हटलं, "तू सोडणार होतीस."

"सा म्हैन्यांनी त्यांनी तुला नको म्हटलं तर? माझी जागा तवर दुसरीनं घेतलेली आसंल. तू पक्की व्हय. मंग सोडीन."

"मला नको म्हणणार नाहीत."

"तू सातला येनार व्हतीस," आई म्हणाली.

ती टोमणा मारून बोलली नाही. एकदा मोजणं चुकलं, आता दुसऱ्यांदा त्याच मोजणाऱ्यावर घर ठेवायचं नाही, एवढंच तिनं ठरवलं होतं. मी दुसरी चप्पल घातली. गाडी चुकेल म्हणून मी निघाले.

चैत्र कसा गेला ते मला सांगता येणार नाही, कारण मी तो बघितला नाही. लोक झोपेत स्वप्नं बघतात, मी एसटीत झोपून घर बघायची. आंबा मोहरून फळाला आला तो मला कैऱ्या ताटात आल्यावर कळला. गावात दोन लग्नं झाली, त्यांच्या अक्षता आईनं पदराला बांधून माझ्यासाठी आणल्या, मी उशाशी ठेवल्या. ऑफिसात मात्र काम बरं होतं. माझं अक्षर चांगलं म्हणून साहेबांनी नोंदवही माझ्याकडे दिली. मी चुकत नव्हते. माझ्या डोक्यावर पंखा होता. दुपारी डबा उघडला की तांदळाच्या भाकरीचा वास यायचा आणि मला एकदम आईचे हात दिसायचे, पाय नाही. पाय मी बघायचेच सोडून दिले होते. उजेडात मी घरी असायची ती एकच दिवस, रविवारी, आणि त्या दिवशी मी झोपायची.

वैशाखात दक्षिणेकडे ढग दिसायला लागले की मिठागरावर धांदल उडते. राशी उचलायच्या, गवतानं शाकारायच्या. एक सर आली तरी महिन्याचं मीठ वाहून जातं. मुकादम सगळ्यांना दिवस उजाडायच्या आधी बोलवायचा. अशाच एका रविवारी दुपारी मला जाग आली ती वासानं. घरात सुकटीचा वास कायमचा, पण हा तो नव्हता. आई भिंतीला टेकून बसल्या बसल्या झोपली होती. मी तिच्या पायाजवळ बसले आणि फडक्याची गाठ सोडली.

"ऱ्हांदे," ती डोळे मिटूनच म्हणाली. "तुझा एकच दिस हाय झोपायचा."

करंगळी आणि तिच्या शेजारचं बोट काळं पडलं होतं. दगडासारखं थंड. तिला मी हात लावलेला कळतही नव्हता.

"कधीपासून?"

"दुखत नाय आता. आदी दुखत व्हतं."

संध्याकाळी आम्ही तिला दवाखान्यात नेलं. उद्या कापावं लागेल, म्हणाले. बाबांनी माझ्याकडे बघितलं. मी म्हटलं, सकाळी जाऊन रजा सांगून लगेच परत येते. रजा असली तर सांगायला जावं लागायचं, घरी फोन कुणाकडे होता. मी गेले. साहेब वाईट नव्हते. त्यांनी अर्ज वाचला आणि म्हणाले, "उमेदवारीत? मी अडवत नाही. पण शेऱ्यात लिहावं लागेल. तुमची मर्जी." आणि अर्ज माझ्याच टेबलावर ठेवून गेले.

मी तो अर्ज बघत बसले. नंतर तो नोंदवहीखाली सरकवला. सव्वापाचपर्यंत मी जागेवरून उठले नाही. त्या दिवसाच्या माझ्या नोंदी अजून असतील कुठेतरी, एकही खाडाखोड नसेल. दुसऱ्या कोणी हे केलं असतं तर मी त्याला काय म्हटलं असतं ते मला माहीत आहे. माझं ते स्वतःला म्हणून झालं आहे, पुष्कळदा, पुलाच्या अलीकडे गाडी उभी असताना. तेव्हा वेळ असतो.

दवाखान्यात पोचले तेव्हा दिवेलागण होऊन गेली होती. आईला गुंगी होती. बाबा बाहेर व्हरांड्यात उकिडवे बसले होते, बाकडं रिकामं असूनही. मी त्यांच्या शेजारी जमिनीवर बसले. मग ते माझ्याकडे न बघता म्हणाले, "बांध भांगाच्या पान्यावर तपासत नाय, बाय. उधानाच्या पान्यावर तपासतात."

भांग म्हणजे अष्टमीच्या आसपासची मंद भरती. तेव्हा पाणी बांधाच्या पायथ्यालाच येऊन परत जातं. त्या दिवशी कुठलाही बांध चांगलाच दिसतो. खेकड्यानं पोखरलेलं भोक, पावसानं खचलेली माती, काही कळत नाही. म्हणून बाबा पुनवेला आणि अवसेला दुपारच्या भरतीला, पाणी बांधाच्या ओठापर्यंत आलेलं असताना, अनवाणी त्यावरून चालत जायचे आणि पायाला ओल लागते का बघायचे. लहानपणी मी त्यांच्या मागून कितीदा चालले होते. मिठागरवाल्याच्या पोरीला हे सांगावं लागू नये. पण मी पदवी घेतली होती आणि रस्ता रविवारी मोजला होता.

त्यांना हे त्या दिवशी टोपली विणतानाच कळलं होतं. त्यांनी विचारलंही होतं. मी छापील टाइमटेबल तोंडावर फेकलं आणि ते गप्प बसले, कारण मला शिकवायला त्यांनी स्वतःचं सगळं लावलं होतं. शिकलेल्या पोरीला आता आपण काय सांगायचं, असं त्यांना वाटलं. नंतर किती वर्षं मी याच गोष्टीपाशी येऊन थांबते. मला रस्त्याचा राग येत नाही, ऑफिसचा येत नाही. त्यांनी पुढची काडी उचलली त्या क्षणाचा येतो. त्यांनी मला दटावायला हवं होतं. पण दटावण्याजोगी मी त्यांची राहिले नव्हते, आणि तसं मीच करून ठेवलं होतं.

आईनं कधी काही म्हटलं नाही. घरी आल्यावर दुसऱ्या दिवशी तिनं पाय पुढे केला, मी पट्टी बांधली. ओल्या बोंबलासारखा मऊ पडलेला पाय. ती म्हणाली, "बरं हाय. नखं कापायची दोन कमी झाली." मी मान वर केली नाही. त्या मेच्या उरलेल्या दिवसांत नळावर बाबा जायचे. बायका हसल्या पहिले दोन दिवस. एक जण म्हणाली, "काय हो दादा, भरती हिकडं आली का?" बाबांनी हंडा भरला, खांद्यावर घेतला आणि आले. इतकं सोपं होतं ते. माघात आम्हा तिघांपैकी एकालाही सुचलं नव्हतं.

अनघाला मी दुसऱ्या दिवशी सांगितलं. म्हटलं, "सोमवारी जा. एक रजा जाऊ दे, पण ऑफिस सुटायच्या वेळेला तिथून निघून घरी येऊन बघ. आणि तुला हे करू नको असं घरात कोणी हळू आवाजात म्हणालं असेल, तर त्यांना परत विचार."

"म्हणजे नको घेऊ?"

"तसं मी म्हटलं नाही."

तिला ते उत्तर पुरेसं वाटलं नसावं. तिला हो किंवा नाही हवं होतं. मला कोणी नोकरी घेऊ नको म्हटलं असतं तर मी तेव्हा ऐकलं नसतं, आणि आजही मला ती नको होती असं म्हणता येत नाही. घेतली नसती तर आई मिठागर जाईपर्यंत त्या पाण्यात उभी राहिली असती आणि पाय गुडघ्यापर्यंत गेला असता. हे मी स्वतःला सांगते. खोटं नाही ते. पण तेही मीच मोजून काढलेलं आहे, आणि माझ्या मोजण्यावर माझा विश्वास उरलेला नाही.

भादव्यात मला कायम केल्याचं पत्र मिळालं. ते मी एकदाच वाचून दाखवलं. पुढच्या माघात मुकादम आईला बोलवायला आला तेव्हा तिनं दारातूनच नाही सांगितलं, आणि त्यानंतर ती मिठागरात उतरली नाही. तिचं औषध ऑफिसकडून व्हायला लागलं. नोकरी आहे, आणि ती कायम आहे.